न हलणाऱ्यांची देखभाल

प्रताप नगरातला जनावरांचा दवाखाना सकाळी नऊलाच भरलाय. एक लॅब्रेडोर फरशीला पोट लावून धापा टाकतोय, जाळीच्या पिशवीतलं मांजर कुणाकडेही न बघता गुरगुरतंय, आणि दार उघडलं की रिंग रोडवरच्या गाड्यांचा आवाज गरम हवेबरोबर आत शिरतोय. एप्रिल सरत आलाय. या दिवसांत नागपुरात जे काही उरकायचं ते अकराच्या आत, म्हणून गर्दीही आत्ताच.

माझ्या शेजारी आमच्या गल्लीतले काका बसलेत. मांडीवर श्रीखंडाचा मोठा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. त्यांचा नातू, पाचवीतून सहावीत गेलेला, सारखा झाकण उचलून आत बघतो.

“आजोबा, हे हलूनच नाही राहिलं.”

“झोपलं असन.”

“कालपासून झोपूनच आहे काय?”

काका उत्तर देत नाहीत, झाकण लावून घेतात. डब्यात कासव आहे. नाव टिल्लू. दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला आलं तेव्हा पाच रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं होतं. आता नातवाचा तळहात व्यापतं. काल त्याने खाणं सोडलं, आणि आज सकाळी पोराने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा काकांनी माझं दार वाजवलं. हा दवाखाना मला माझ्या मांजरीमुळे माहीत आहे.

आमचा नंबर लागतो. डॉक्टर मॅडम कासव उचलतात आणि आधी त्याच्या डोळ्यांच्या मागे बघतात. दोन्ही बाजूंना लाल पट्टा. “रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतलं. बरं झालं.”

यात बरं काय झालं ते काकांना कळत नाही. मॅडम सांगतात. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव असतं, किंवा आपल्या तळ्यात सापडणारं मऊ पाठीचं असतं, तर ते घरात ठेवणं हाच गुन्हा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहेत, वाघाच्याच रांगेत. मग उपचार राहिले बाजूला, आधी सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला फोन करावा लागला असता.

बोलता बोलता त्या अंगठ्याने कासवाची पाठ कडेच्या बाजूला हलकेच दाबतात. पाठ दबते. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत जाते आणि अंगठा उचलल्यावर सावकाश वर येते. ज्या पाठीची सगळ्या गोष्टींत ढाल म्हणून ओळख, ती अशी दबताना बघून माझ्या पोटात कालवतं. मॅडम नातवाचा अंगठा धरून त्याच जागी टेकवतात. त्याचा चेहरा उतरतो.

“दुखतं त्याला?”

“दुखत असेल. पण ते सांगणार नाही. कुत्रं केकाटतं, मांजर पलंगाखाली जाऊन बसतं. हे फक्त हलणं कमी करतं. आणि मुळातच कमी हलतं, म्हणून आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.”

कासवाच्या पापण्या सुजल्यात, डोळे मिटलेत. मॅडम खाण्याचं विचारतात. रंगीत दाणे आणि वाळवलेली कोळंबी, दुसरं काही नाही. ऊन? इथे काका जरा सावरून बसतात. टाकी खिडकीतच ठेवली आहे, सकाळपासून ऊन येतं.

“खिडकी उघडी असते?”

“उघडी कशी ठेवणार जी, या उन्हात? काच लावलेली असते.”

“काचेतून उजेड येतो. त्यातलं औषध काचेबाहेर राहतं.”

प्रताप नगरात अशा काचेच्या टाक्या कितीतरी दिवाणखान्यांत आहेत, म्हणून ही गोष्ट इथे नीट सांगितली पाहिजे. सरपटणाऱ्या प्राण्यांना हाडं आणि कवच घट्ट ठेवायला कॅल्शियम लागतं, आणि ते अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व. बहुतेक कासवं ते स्वतःच्या कातडीत तयार करतात, पण त्यासाठी सूर्याची अतिनील-बी किरणं थेट अंगावर पडावी लागतात. खिडकीची साधी काच नेमकी हीच किरणं अडवते. मग टाकी वर्षभर उन्हात चमकत राहते आणि आतलं कासव उपाशी राहतं, पोटाने नव्हे, हाडांनी. शरीर स्वतःच्याच कवचातलं कॅल्शियम काढून रक्तात भरत राहतं. डोळ्यांची सूज निराळी, ती ए जीवनसत्त्वाच्या अभावाची. दोन्ही आजार दोन-दोन महिने आधीपासून दिसत असतात, पण बघणाऱ्याला काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. विकणारा सांगत नाही. “काही करावं लागत नाही याला” हेच तर विकताना सांगितलं जातं.

मॅडम कासव काट्यावर ठेवतात, वजन लिहितात, एक सुई मागच्या पायाऐवजी पुढच्या पायाच्या वरच्या भागात देतात. संध्याकाळपर्यंत ते इथेच राहणार. मग काकांना कागदावर आखणी करून देतात: मोठा टब, अर्ध्या भागात पाणी, अर्ध्या भागात चढून कोरडं बसायला दगड किंवा वीट. गच्चीवर सकाळी साडेसात-आठपर्यंतच ऊन, आणि टबाच्या एका बाजूला सावली हवीच. हे त्या दोनदा सांगतात. नवतपा लागला की गच्चीवरच्या उथळ पाण्याचा चहा होतो आणि पळायला जागा नसलेलं कासव त्यात उकडून मरतं, असं दर मे महिन्यात त्यांच्याकडे एखादं तरी येतं. उरलेल्या वेळेसाठी अतिनील-बी दिवा, आणि तो दिसायला जळत असला तरी सहा महिने ते वर्षभरात बदलायचा, कारण उजेड राहतो आणि किरणं संपतात. टाकीत हात घातला की साबणाने धुवायचा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो. अमेरिकेत तर चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती लहान मुलं आजारी पडत म्हणूनच.

काका सगळं ऐकून घेतात. मग आवाज खाली आणून विचारतात, “मॅडम, एवढं नाही झेपलं तर अंबाझरीत सोडून दिलं तर? मोकळं तरी राहीन बिचारं.”

हे ते मनापासून विचारतात. आमच्याकडून अंबाझरी जवळ आहे, आणि कंटाळा आलेली कासवं तिथे सोडणारे सगळेच दुष्ट नसतात. त्यांना खरोखर वाटतं की आपण एका जिवाला मोकळं केलं. मॅडम नाही म्हणतात, आणि का ते सांगतात. ही जात जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. ती आपल्या कासवांचं खाणं खाते, ऊन खायच्या जागा बळकावते, आजार पसरवते. आणि अंबाझरीत सोडलेलं अंबाझरीतच राहील याची काय खात्री? २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसात तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. त्या पाण्याबरोबर तलावातलं काय काय पुढे गेलं असेल.

“किती जगतं हे?” काका शेवटचं विचारतात.

“नीट ठेवलं तर तीस वर्षं.”

काका सत्तरीच्या पुढे आहेत. ते नातवाकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

नातू मात्र अजून दबलेल्या पाठीवरच अडकलेला. “मग कळतं कसं? हलत नाही, ओरडत नाही, तर बरं आहे की बिमार, कळतं कसं?”

बाहेर मॅडमचे आठ पेशंट बसलेत. तरी त्या थांबतात. “सुट्या लागल्यात ना? आजोबांना घेऊन महाराजबागेत जा. मगरीसमोर उभा राहा. दहा मिनिटं एक शब्द बोलायचा नाही, जाळी वाजवायची नाही. काय काय दिसलं ते संध्याकाळी मला येऊन सांग.”

आम्ही खरंच जातो. प्रताप नगर चौकातून ऑटोने सुभाष नगर मेट्रो, तिथून अॅक्वा लाइन. गाडी उंचावरून धावते आणि अंबाझरीचं पाणी उन्हात पांढरं दिसतं. काका खिडकीला टेकून त्याच पाण्याकडे बघत बसतात. झाशी राणी चौकात उतरून आम्ही सावली सावलीने चालत निघतो.

महाराजबाग नागपूरकर भोसल्यांची. इंग्रजी अमलात, १८९४ मध्ये, इथे प्राणिसंग्रहालय झालं, आणि आज ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. शहराच्या ऐन मध्यात, कृषी महाविद्यालयाला लागून, कडेने नाग नदी. काही वर्षांपूर्वी याच परिसरात नदीत मगर दिसली होती आणि पुलांवर माणसांचे थवे उभे राहिले होते. नागपूरच्या प्रत्येक माणसाची इथली एक आठवण असते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१८ मध्ये या जागेची मान्यता काढून घेतली तेव्हा अर्धं शहर हळहळलं ते त्या आठवणींपायी. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं, सुधारणांचे आराखडे झाले आणि बाग चालू राहिली. माझं स्वतःचं मत असं की अशा वेळी चर्चा उगाच आठवणींवर रेंगाळते. प्राधिकरणाचे निकष रुक्ष असतात: पिंजऱ्याचं क्षेत्रफळ, पशुवैद्य, विलगीकरणाची खोली, नोंदी. पण आत राहणाऱ्याच्या वाट्याला जे काही आयुष्य येतं ते याच रुक्ष गोष्टींतून येतं, आपल्या आठवणींतून नव्हे.

आत उन्हाळ्याची तयारी दिसते. हिरव्या जाळ्या ताणल्यात, पाण्याचे फवारे चालू आहेत, वाघाच्या बाजूने कूलरची घरघर येते. लोकांचा ओढाही तिकडेच. मगरीपाशी तीन-चार कुटुंबं आहेत आणि त्यांतलंही कुणी फार वेळ थांबत नाही.

मगर काठावर आहे. पोट मातीला, शेपूट अर्धी पाण्यात, जबडा उघडा. एवढंच. एक तरुण मोबाईल धरून मिनिटभर उभा राहतो आणि म्हणतो, “पुतळा आहे बे.” त्याचा मित्र म्हणतो, “थांब, पाहू.” वाकतो, खडा उचलतो आणि फेकतो. खडा मगरीला लागत नाही, शेपटीजवळ पाण्यात पडतो. वर्तुळं उठतात. मगर जबडा मिटते. दोघं हसत पुढे जातात, कारण त्यांना हवं ते मिळालं: ती जिवंत आहे.

“ओ भाऊ!” मागून आवाज येतो. खाकी कपड्यातले कीपर, हातात लांब काठी. पोरं वळूनही बघत नाहीत. कीपर जाळीपाशी येतात, खडा कुठे पडला ते बघून ठेवतात. नंतर काढावा लागणार.

त्या खड्याने काय केलं ते मी इथे लिहिते, कारण जाळीवरच्या पाटीवर एवढं मावत नाही. मगरीच्या जबड्याच्या कडेने काळपट ठिपके असतात. लांबून ती घाण वाटते. ते ठिपके म्हणजे स्पर्शाची इंद्रियं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोजून दाखवलं की त्यांची संवेदना माणसाच्या बोटांच्या टोकांहून तीव्र आहे. पाण्याचा एक थेंब पडला तरी काळोखात मगर त्या दिशेला वळते. अॅलिगेटरला हे ठिपके फक्त तोंडावर असतात, आपल्या मगरीला सगळ्या अंगावर. जो प्राणी थेंबाची हालचाल ओळखतो, त्याच्या शेपटीशी दगड टाकून आपण विचारतो, जिवंत आहेस का?

“अॅलिगेटर आहे ना हा?” नातू हळूच विचारतो, आणि बोलायचं नाही हे आठवून तोंडावर हात ठेवतो.

कीपर हसतात. “मगर आहे ही, बेटा. आपली मगर. ताडोबाच्या तलावात पाहिली नाही काय? तीच.” पोराची चूक तशी समजण्यासारखी. सगळ्या मगरींत आपल्या मगरीचं तोंड सर्वांत रुंद, त्यामुळे ती अॅलिगेटरच्या जवळ जाते. कीपर काठीने हवेतच दाखवतात: जबडा मिटलाय ना, खालचा चौथा दात बघ, बाहेरूनच दिसतो. अॅलिगेटरचा आत जातो, दिसत नाही. नातू डोळे बारीक करतो. दात सापडतो, आणि तो दिसल्यावर त्याला एकाएकी बाकीचंही दिसू लागतं. जबडा पुन्हा सावकाश उघडतोय. पुढच्या पायामागे, बरगडीच्या जागी, कातडी किंचित फुगून खाली बसते, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा फुगते.

“श्वास!” तो बोटाने दाखवतो. आवाज नाही, फक्त ओठ.

काका आता जाळीला टेकलेत. ते दर श्वासाला बोट मिटतात.

उघडा जबडा म्हणजे राग नव्हे आणि भूकही नव्हे. अंग तापवता तापवता डोकं जास्त तापू नये म्हणून ती तोंड उघडून ठेवते. ऊन वाढलं की पाण्यात उतरेल, संध्याकाळी पुन्हा काठावर येईल. रानातली मगर उन्हाळ्यात नदीकाठी खोल बीळ खणून त्यात दिवस काढते, पाणी आटलं तरी तगते. म्हणून मगरीच्या पिंजऱ्यात माती लागते, उतरता काठ लागतो, अंग पूर्ण बुडेल इतकं पाणी लागतं, आणि उन्हाइतकीच सावली. जिथे जिथे धुवायला सोपं म्हणून तळ सिमेंटने पक्का करून टाकतात, तिथे मगर जगते खरी, पण स्वतःची जागा स्वतः निवडण्याचं तिचं एकमेव काम हिरावलं जातं. आपल्याला जो आळस दिसतो तो दिवसभराचा हिशेब असतो: इथे किती वेळ, तिथे कधी. आणि कधी कधी शिकारही. व्लादिमीर डिनेट्स या संशोधकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मद्रास क्रोकोडाइल बँकेतल्या मगरीची नोंद आहे. बगळे घरटी बांधायला काड्या शोधतात त्या दिवसांत ती नाकावर काड्या तोलून पाण्यात निश्चल पडून राहायची. काडी घ्यायला बगळा उतरला की संपलं. अमेरिकेतल्या अॅलिगेटरांतही त्याने हेच पाहिलं, आणि तेही विणीच्याच हंगामात सर्वाधिक. तिथे कुणी दहा मिनिटांत “पुतळा” म्हणून निघून गेलं असतं तर ही गोष्ट जगाला कळली नसती.

कीपर लांब काठीच्या आकड्याने पाण्याच्या कडेला अडकलेलं काहीतरी ओढतात. कालच्या मांसाचा तुकडा. उरलेलं तसंच राहिलं तर पाणी सडतं. पाठोपाठ वेफर्सचं पाकीट निघतं, आणि बाटलीचं झाकण.

“नाणी टाकतात काय लोक?” मी विचारते.

“नाणी, झाकणं, लायटर. हात जोडून नाणं टाकणारे पण आहेत जी. त्यांना काय बोलायचं?”

हे इथलंच नाही. अमेरिकेत ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात थिबडो नावाच्या ३६ वर्षांच्या पांढऱ्या अॅलिगेटरच्या पोटातून २०२४ मध्ये ७० नाणी काढली. नाणं टाकणाऱ्या प्रत्येकाने एकेकच टाकलं असणार, शुभ व्हावं म्हणून. नाण्यातला धातू पोटातल्या आम्लात विरघळून रक्तात जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि अॅलिगेटर तर सांगणार नव्हताच. ते कळलं कारण तिथे नेहमीच्या तपासणीत क्ष-किरण चित्र काढलं होतं.

काका इतका वेळ गप्प होते. आता कीपरना विचारतात, “हाडासकट देता काय जी, की नुसतं मांस?”

कीपर त्यांच्याकडे जरा नवलाने बघतात. हा प्रश्न जाळीपाशी कुणी विचारत नसावं. “हाडासकटच. नुसत्या मांसावर ठेवलं तर हाडं वाकतात हिची.”

“आमच्या कासवाची पाठ दबते,” काका म्हणतात, आणि दोघं माणसं बाजूला सावलीत जाऊन बोलू लागतात. किती वेळा खायला देता? रोज नाही, आठवड्यातून ठरावीक दिवशी. जास्त दिलं तर चरबी चढते, सांधे धरतात. थंडीत कमी, कारण अंग थंड असलं की पोटातलं पचत नाही, तिथेच सडतं. मग कीपर गोरेवाड्याचा विषय काढतात. तिथल्या बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, कोंबडीच्या मांसातून रोग आला असावा असा संशय होता. तेव्हापासून मांसाची बादली उघडली की आधी नाकाने आणि डोळ्याने तपासल्याशिवाय हात पुढे होत नाही, असं ते सांगतात. पिंजऱ्यातल्या प्राण्याला खाणं निवडता येत नाही. समोर येईल ते त्याचं नशीब, म्हणून ते देणाऱ्याने निवडायचं.

नातवाची दहा मिनिटं कधीच संपली, तो हलत नाही. शेवटी जाळीपासून निघून कीपरपाशी येतो. “किती वर्षं जगते ही?”

“माझ्या रिटायरमेंटनंतरही राहीन.”

यात अतिशयोक्ती नाही. बेलग्रेडच्या प्राणिसंग्रहालयात मुया नावाचा अॅलिगेटर १९३७ मध्ये जर्मनीतून आला. दुसऱ्या महायुद्धात त्या शहरावर जर्मन बॉम्ब पडले, मग मित्रराष्ट्रांचे पडले, संग्रहालय उद्ध्वस्त झालं, तो राहिला. २०१२ मध्ये त्याच्या पुढच्या पायाला गँगरीन झालं तेव्हा शस्त्रक्रिया करून तो भाग काढला, आणि तो पुन्हा खाऊ लागला. मिसिसिपीत जन्मलेला सॅटर्न बर्लिनला आला, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यातून वाचला, १९४६ मध्ये मॉस्कोला गेला आणि २०२० च्या मे महिन्यात, ८४ च्या आसपास वय असताना, तिथेच मेला. लोक या गोष्टी युद्धातल्या चमत्कारासारख्या सांगतात. मला चमत्कार वाटतो तो युद्धानंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांचा. राज्यं बदलली, देशांची नावं बदलली, आणि त्या सगळ्या काळात कुणीतरी सकाळी येऊन पाणी बदललं, हाडासकट मांस आणलं, उरलेलं उचललं. पहिल्याने दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुणाला माहीत नाहीत.

“मग तुमच्यानंतर कोण?” नातू विचारतो. आजोबांकडे न बघता विचारतो, पण काका ऐकतात.

कीपर मागे वळून हाक मारतात. फवाऱ्याची नळी गुंडाळत असलेला एक तरुण मुलगा येतो, बहुधा विशीतला, नवीनच लागलेला. त्याच्या काखेत लांबट वही आहे. कीपर ती उघडतात. आजच्या तारखेपुढे निळ्या शाईत लिहिलंय: मगर, ठीक.

“हे काय लिहिलं?”

“ठीक आहे ना दादा. तब्येत चांगली आहे.”

“कशावरून?”

मुलगा मगरीकडे बघतो. मगर तशीच आहे.

“उद्या ही बिमार पडली तर डॉक्टर मागची पानं पाहीन. त्याला यातून काय समजन? सकाळी कोठी बसली होती? तोंड उघडं होतं की मिटलेलं? पाण्यात कधी गेली?”

“मी नळीवर होतो, दादा.”

“दहा वाजून दहा मिनिटं झाली होती,” नातू मध्येच बोलतो, “तेव्हा तोंड उघडं होतं. मग त्या दादानं दगड मारला तर मिटलं. मग पुन्हा उघडलं.”

“आणि श्वास मी मोजत होतो,” काका म्हणतात. “बोटांवर. सांगू काय?”

मुलगा वही गुडघ्यावर ठेवतो, ‘ठीक’वर रेघ मारतो आणि बारीक अक्षरात लिहू लागतो. काका आकडा सांगतात. कीपर वहीत डोकावतात.

“दगडाचं पण लिही. वेळेसकट. आणि मांस?”

“अर्धं उरलं.”

“अंदाजानं नको. तोलून लिही.”

मुलगा वही काखेत मारतो, बादली उचलतो आणि काट्याकडे निघतो. नातू त्याच्या मागे.